आबाजीची राजदूत: आधी कागद, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

भाऊ, तुझा प्रश्न नीट वाचला. आबाजीची 1979ची राजदूत 175, ते गेल्यापासून पंधरा-वीस वर्षं गोठ्यात कुटाराच्या पोत्यांमागं उभी, किक दबत नाही, आरसी पुस्तक अजून त्यांच्याच नावावर, गावातला पेंटर म्हणते आधी रंग मारून घे मग पाहू, दोस्त म्हणते विंटेजमध्ये पास होईल, आणि तुला आर्णीच्या बाजूच्या खेड्यात घरीच काम करायचं आहे, फक्त सुरुवात कुठून करू ते सांगा. घरी होते. या गाडीत असं काहीच नाही की जे हाताला आणि डोळ्याला समजत नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पण क्रम चुकला की गाडी अर्धवट उघडून पोत्यात जाते आणि मग भंगारवाल्याच्या काट्यावर, असं मी आमच्या भागात लय पाह्यलं आहे, आणि बहुतेक वेळा सुरुवात रंगापासूनच झालेली असते.

पेंटरला सध्या थांब म्हण. कारण दोन. एक म्हणजे इंजिन चालू झाल्यावर गाडी परत दोनदा-तीनदा उघडावी लागते, पेट्रोल सांडते, पाना घसरते, नवा रंग पहिल्याच महिन्यात खराब होते. दुसरं कारण जास्त मोठं, चासी नंबर. रंग काढताना ग्राइंडर फिरवलं किंवा नंबरवर लांबी (पुट्टी) भरली तर आरटीओमध्ये छाप निघत नाही, आणि छाप निघाली नाही तर गाडी कितीही गुळगुळीत असो, कागदावर ती तुझी होत नाही. म्हणून आज पहिलं काम हेच, रॉकेल लावलेल्या फडक्यानं चासी नंबर आणि इंजिन नंबर साफ कर, पांढरा कागद ठेवून वरून पेन्सिल घासून छाप काढ, फोटो काढ, आणि पुस्तकातल्या नंबरशी एकेक अक्षर जुळवून पाहजो.

आता कागद. दोस्ताचं विंटेजचं म्हणणं सोडून दे. 2021च्या जुलैत केंद्रानं जो नियम केला त्यात पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच विंटेज धरली जाते. तुझी 1979ची, म्हणजे 2029च्या आधी विषयच नाही. आणि तेव्हाही घाई करू नको, कारण व्हीए अक्षरांची ती नंबरप्लेट घेतली, नव्या नोंदणीचे 20,000 भरले, की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. तुला तर आबाजीच्या गाडीवर वावरात जायचं आहे, बाजाराला जायचं आहे असं तूच लिहिलं. मग तुझ्यासाठी साधं रिन्युअलच बरं. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यानंतर दर 5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्याचा फॉर्म 25. त्याच्या आधी नाव तुझ्यावर आलं पाहिजे, मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि घरच्या बाकी लोकांची संमती. पुस्तक फाटलं-हरवलं असतं तर डुप्लिकेटसाठी फॉर्म 26 लागला असता, तुझ्याजवळ आहे तर ते जपून ठेव, लॅमिनेशन करू नको.

1989च्या आधीची गाडी म्हणजे नंबर एमएचचा नाही, जुना तीन अक्षरांचा असेल. असे नंबर बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाहीत कारण जुन्या रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढलेलेच नसतात. घाबरू नको, ज्या आरटीओची मूळ नोंद आहे तिथं जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून, मागायची. यवतमाळची असेल तर एमएच 29चं ऑफिस, पण आबाजीनं गाडी अमरावती-नागपूरहून घेतली असेल तर नोंद तिकडं निघू शकते, पुस्तकाचं पहिलं पान पाहा. सोबत विमा, पर्यावरण कर, नवीन प्रकारची नंबरप्लेट हे आलंच. रिन्युअलला गाडी दाखवावी लागते, म्हणून ते गाडी चालल्यावर, पण नावाचा अर्ज आणि बॅकलॉग आजच सुरू कर कारण त्याला वेळ लागते आणि तोवर तुझं इंजिनचं काम होते. पुस्तकात जो रंग लिहिला आहे तोच शेवटी मारायचा हेही आत्ताच ठरवून टाक.

बरं आता गाडी. थोडं मूळ सांगतो कारण त्याचा पार्ट शोधताना उपयोग होते. ही गाडी पोलंडमधल्या किल्त्से शहराच्या एसएचएल कंपनीच्या एम-11 वरून आली, एस्कॉर्ट्स कंपनीनं 1962पासून आपल्याकडं बनवली. 173 सीसी, दोन स्ट्रोक, तीन गिअर, 6 व्होल्टची लाइट, पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या पट्ट्यांचं) इग्निशन. मॉडेल लय वर्षं चाललं आणि मधे मधे बदल झाले, जुन्यात पुढं लीडिंग लिंकचे (खाली हलणाऱ्या दांडीचे) शॉकअप, नंतरच्या काहीत टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे). म्हणून दुकानात "राजदूतचं द्या" म्हटलं की जे हातात येईल ते तुझ्या गाडीला बसेलच असं नाही, जुना पार्ट सोबत घेऊनच जायचं.

किक दबत नाही म्हणतो. तर पहिले किकवर उभं राहून उड्या मारणं बंद. प्लग खोल. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढ, आत पाह्य. इतकी वर्षं गोठ्यात उभी गाडी म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि सायलेन्सरात उंदरानं नेलेला कापूस असतेच असते, हे न पाहता इंजिन फिरवलं तर ती माती सरळ क्रँकमध्ये (पिस्टनच्या खाली फिरणाऱ्या दांड्यात). नंतर प्लगच्या होलातून अर्धं डिझेल अर्धं पातळ तेल असं थोडं ओत आणि तीन-चार दिवस राहू दे, रोज थोडं थोडं टाक. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं पुढं-मागं हलव, जोर नाही, फक्त हलव. बहुतेक वेळा सुटते. चाक हलते पण किक तशीच घट्ट असेल तर पिस्टन नाही, किकचा गिअर किंवा स्प्रिंग फसली आहे, म्हणजे चेंबर (इंजिनाचं खालचं घर) उघडल्यावर पाहू. आणि अजिबातच नाही सुटलं तर हेड खोलून पिस्टनवर लाकडाचा गुटका ठेवून हळूहळू ठोकायचं, हातोडा सरळ पिस्टनवर कधीच नाही.

सुटलं की तुला वाटेल आता पेट्रोल टाकून मारू किक. नको. इथंच बहुतेक लोक फसतात. दोन स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवा पहिले क्रँकच्या खोलीत येते, तिथं दबते आणि मग वर जाते, म्हणजे ती खोली हवाबंद नसली तर इंजिन चालणारच नाही, किंवा चालेल आणि चार दिवसात पिस्टन जाम होईल. तिला हवाबंद ठेवतात क्रँकचे दोन्ही बाजूचे ऑइल सील. रबराचे सील आपल्या विदर्भाच्या उन्हात, टिनाच्या गोठ्यात इतकी वर्षं राहिले की कडक लाकूड होतात. मॅग्नेटच्या (क्रँकवरच्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील फाटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन गरम होऊन जाम. क्लचच्या बाजूचं फाटलं तर चेंबरमधलं तेल आत ओढून पांढऱ्या धुराचा लोट, आणि तेल कमी कमी होत जाते. लोक मग कार्बोरेटर बदलतात, कॉइल बदलतात, पॉइंट घासतात, तीन मेकॅनिक बदलतात, आणि दोष तिथंच सीलमध्ये बसलेला असते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, इतकी वर्षं उभी असलेली दोन स्ट्रोक गाडी असेल तर इंजिन पूर्ण खोलायचं, सील बदलायचे, मगच पहिली किक. अर्ध्या इंजिनाचं काम यात परवडत नाही.

सील आणि बेअरिंग मिळवायला दिल्लीच्या करोलबागच्या पार्ट बाजारापर्यंत जायची गरज नाही. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगवर नंबर कोरलेला असते, समजा 6204 असेल तर ते जगात कुठंही आत 20, बाहेर 47, जाडी 14 मिमीच राहते, गाडी कोणतीही असो. ते आकडे घेऊन तालुक्याच्या बेअरिंगवाल्याकडं नाहीतर पाण्याच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्याकडं जाजो, त्याच मापाची बेअरिंगं विहिरीवरच्या मोनोब्लॉक पंपात असतात म्हणून खेड्यातही चांगल्या कंपनीची मिळतात. क्रँकचं बेअरिंग घेताना मात्र नंबरापुढं सी3 लिहिलेलं माग, त्यात गोळ्यांना जरा जास्त मोकळीक असते, गरम झाल्यावर ते लागते. सील व्हिटॉनचं (पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं) मिळालं तर तेच घे, आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधं रबर जास्त टिकत नाही. हेच पेट्रोल पाइपचं, नवा पाइप इथेनॉलला चालणारा पाह्य.

इंजिन खोलताना मॅग्नेट हातोड्यानं काढायचं नाही, पुलर लागते, लेथवाला बनवून देते. काही नट उलट्या आट्याचे असतात, एखादा सुटत नसला तर जोर करायच्या आधी मॅन्युअल पाहा, नाहीतर जुन्या मेकॅनिकला विचार. प्रत्येक खोललेल्या भागाचा मोबाईलवर फोटो, नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. चेंबरचे दोन भाग वेगळे करताना मधे पेचकस घुसवून उचकटायचं नाही, ती घासलेली सपाट जागा हवाबंद राहायची जागा आहे, तिथं एक ओरखडा पडला की पॅकिंग कितीही चांगलं लाव, हवा जाणारच.

क्रँक हातात आल्यावर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वर-खाली हलवून पाह्य. बाजूला थोडी हालचाल चालते, पण वर-खाली खटका जाणवला तर रॉड किट बदलावी लागेल, ते घरी होत नाही. क्रँक प्रेस करून परत सरळ करणारा, डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून पाहणारा लेथवाला शोध. अमरावती, अकोला, नागपुरात आहेत, यवतमाळातही विचार. त्याला एकच प्रश्न कर, डायल लावून दाखवशील का. "अंदाजानं सरळ करतो" म्हणाला तर क्रँक उचलून परत ये.

ब्लॉकचं, म्हणजे सिलेंडरचं, पण तसंच. बोअर (आतलं भोक कापून मोठं) करायच्या आधी पिस्टन विकत घेऊन त्याच्या हातात द्यायचा, मग त्या पिस्टनाच्या मापानं बोअर. उलटं केलं की फसलास. ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50 असे पुढं पुढं जातात, आबाजीच्या काळात कोणती साइज झाली ते जुन्या पिस्टनच्या डोक्यावर लिहिलेलं असते. किती मोकळं ठेवायचं ते पिस्टनच्या डब्यावर असेल तर तेच, नसेल तर या मापाच्या हवेवर थंड होणाऱ्या लोखंडी ब्लॉकला मी दोन ते तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवायला सांगतो, आपल्या एप्रिल-मेच्या 45 डिग्रीत त्याहून टाइट नको. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजनं पाह्य, 0.2 ते 0.3 मिमी. आणि बोअर झाल्यावर पोर्टांच्या (ब्लॉकमधल्या खिडक्यांच्या) धारा गोल करून घेतल्या का ते बोट फिरवून पाहजो, चार स्ट्रोकचं काम करणारे लेथवाले हे विसरतात. दोन स्ट्रोकमध्ये रिंग त्या खिडक्यांवरून जाते, धार तिखी राहिली तर रिंग अडकून तुटते. पिस्टनावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनेवर, गजन पिनचे (पिस्टनला रॉड जोडणाऱ्या पिनेचे) लॉक नवेच वापरायचे.

इंजिन बांधून झालं की एक टेस्ट घरी करता येते आणि ती जरूर करजो. जुन्या ट्यूबचे तुकडे लावून कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड बंद कर, प्लगच्या होलातून सायकलच्या पंपानं 5-6 पीएसआय (दाबाचं माप) हवा भर, त्याहून जास्त नाही, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तिथं गळती. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर परत खोल. कंटाळा येते, पण गाडीवर इंजिन चढवल्यावर खोलण्यापेक्षा हे बरं.

टाकीचा गंज. आत नट-बोल्ट टाकून हलवणारे आहेत, त्यानं वरचा गंज पडते, कोपऱ्यातला तसाच. माझी पद्धत धुण्याच्या सोड्याची. टाकी पाण्यानं भरून त्यात चार-पाच मुठी धुण्याचा सोडा, 12 व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या लोखंडी सळईला, सळई टाकीला कुठंच लागली नाही पाहिजे, रबरी बुचातून सोड. एक-दोन दिवस चालू ठेव, सळई मधे मधे काढून घास. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या कामात हायड्रोजन निघते म्हणून मोकळ्या अंगणात, बिडी-काडी जवळ नाही. झाल्यावर धू, उन्हात वाळव, आणि लगेच पेट्रोल-तेलाचं मिश्रण आत फिरव नाहीतर संध्याकाळपर्यंत परत लाल. टाकीला छिद्र असेल तर वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नको, रिकाम्या टाकीतली वाफ फुटते आणि माणूस जाते. रेडिएटरवाल्याकडं जा, त्याला सांगून, पाण्यानं भरून, झाळून घे.

इग्निशन सोपं आहे. पॉइंट साफ, फट साधारण 0.4 मिमी, कंडेन्सर नवा, प्लगची फट 0.5-0.6. पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडून ते लवकर जळत असतील तर कंडेन्सर गेला समज. वायरिंग पूर्ण नवीन कर, जुन्याला टेप लावत बसू नको. बल्ब 6 व्होल्टचेच, आणि रंगानंतर लाइट लागत नसेल तर आधी अर्थ (चासीला जोडलेली वायर) पाह्य, चासीवरचा नवा रंग खरडून अर्थ द्यावा लागते. ब्रेकचे लायनर, केबल, टायर-ट्यूब नवे, यात विचार करायचा नाही, टायरच्या नक्ष्या चांगल्या दिसल्या तरी तडा गेलेलं रबर गाडीवर नको. चाकाचा आउट (डगडग) काढायला सायकलवाला नाही, मोटरसायकलचे स्पोक बांधणाराच.

गाडी चालू झाली, महिनाभर विनारंगाची फिरवली, गळती दिसली ती बंद केली, मग रंग. दिवस निवडून. गहू-हरभऱ्याच्या मळणीत गावभर भुसा उडते, तो ओल्या रंगात बसते, पावसाळ्यात ओल धरते. आपल्याकडं दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, तूर निघायच्या आधी. मडगार्डच्या आतून काळ्या मातीचा थर खरडून काढ, आपली माती ओल धरून ठेवते आणि मडगार्ड आतूनच खाल्ल्या जाते, बाहेरून चांगलं दिसते. आतल्या बाजूला प्रायमर दुहेरी.

आणि माझी एक विनंती आहे. जे मूळ आहे ते टाकू नको. टाकीवरचा बिल्ला, गुडघ्याचे रबर, मीटर, हेडलाइटची रिंग, आबाजीनं कॅनसाठी लावलेले मागचे लोखंडी हूक असतील तर तेही. हलका गंज धरलेलं क्रोम अल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासलं की पुष्कळ निघते, पोपडे आले असतील तरच परत निकलला दे. बाजारातले नवे पत्रे पातळ येतात, तुझा वाकलेला मडगार्ड डेंटरकडून सरळ करून घेतलेला त्यापेक्षा जास्त वर्षं जाईल. आरशासारखी चमकणारी पण अर्धे पार्ट भलत्याच गाडीचे असलेली राजदूत मला पाहवत नाही, त्यापेक्षा जुन्या रंगाची, ओरखडे असलेली, पण एका किकमध्ये उठणारी गाडी मी कधीही चांगली म्हणेन.

पहिले दिवस पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली चांगलं 2टी (दोन स्ट्रोकचं) ऑइल, बाटलीत हलवून मगच टाकीत. पहिले 500 किमी एकाच वेगानं लांब पळवू नको, थ्रॉटल कमी-जास्त करत चालव, डबल सीट नको, आर्णी ते यवतमाळ एका दमात नको, भर दुपारी तर नकोच. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये लोळवायची नाही, दोन स्ट्रोकचं तेल पेट्रोलमधूनच जाते, थ्रॉटल बंद म्हणजे तेल बंद आणि इंजिन तर फिरूनच राहिलं. चालताना आवाज एकदम बारीक झाला किंवा गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली की लगेच क्लच दाब, बाजूला घे, थंड होऊ दे. आठवड्याला प्लग काढून पाह्य, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरा फटक असेल तर गाडी त्याच दिवशी उभी कर आणि हवा कुठून घेऊन राहिली ते साबणाच्या पाण्यानं परत शोध. आणि आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असली तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू दे, आताचं पेट्रोल ओल ओढून घेते आणि पहिले जेटच बुजते.